टाकीच्या दारात नातेवाईक नको

वायनरीत नोकरी केली म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. "मग काय, मजाच असेल तुमची!" मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी माझ्या बायकोला अगदी काळजीने विचारलं होतं, की आता साहेबांची सोय कशी होणार? दिंडोरीच्या वाटेवरच्या त्या वायनरीत मी सेलरचा, म्हणजे टाक्या असलेल्या विभागाचा, सुपरवायझर म्हणून उभा जन्म काढला. तिथे रोज पोटभर घेतली ती फक्त भीती. आणि ती अजून उतरलेली नाही.

मी भित्रा माणूस आहे. कामगार मला पाठीमागे 'थांबा साहेब' म्हणायचे, कारण माझ्या तोंडात दिवसभर तोच एक शब्द. थांबा, आधी मीटर लावा. थांबा, पट्टा कुठाय? पुढे पुढे ते तोंडावरही म्हणायला लागले. मला राग यायचा, पण मी नाव बदलून घेण्याच्या भानगडीत पडलो नाही.

लाल वाईन कशी होते ते थोडक्यात सांगतो, नाहीतर माझी भीती कळायची नाही. हंगाम सुरू झाला की द्राक्षांचे क्रेट घेऊन ट्रॅक्टर फाटकाशी रांग लावतात. द्राक्षं देठांपासून सोडवायची, फोडायची आणि सालीबियांसकट भल्यामोठ्या स्टीलच्या टाकीत सोडायची. तिथे यीस्ट रसातली साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं. एक अल्कोहोल, जे बाटलीत भरून विकतात. दुसरा कार्बन डायऑक्साइड, जो कोणी विकत घेत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलतही नाही. हा वायू दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे विहिरीतल्या पाण्यासारखा टाकीच्या तळाशी बसून राहतो. वाईन नळाने काढून घेतली की टाकीत सालीबियांचा ओला चोथा उरतो, आणि त्याच्या पोटातही हा वायू दडून असतो.

टाकीच्या बुडाशी एक लंबगोल दार असतं. माणूस खांदे तिरके करून कसाबसा आत शिरेल एवढंच. बाहेरून दाताळ्याने ओढता येईल तेवढा चोथा ओढतात आणि उरलेल्यासाठी एक जण आत उतरतो. हवा चांगली असेल तर काम साधं आहे, फक्त गलिच्छ. हवा वाईट असेल तर पहिल्या श्वासाला सोड्याची बाटली नाकात गेल्यासारखा झणका बसतो आणि दुसऱ्या श्वासाला गुडघे जातात. तिसऱ्याबद्दल सांगायला फारसं कोणी परत आलेलं नाही.

म्हणून नियम. आत जाण्याआधी सही केलेलं परमिट लागतं. मोठ्या नळीचा ब्लोअर लावून टाकीत बाहेरची हवा सोडायची. गॅसचा मीटर दारातून आत धरून बघायचा. आत जाणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि पट्ट्याला दोर. आणि दारावर एक माणूस, ज्याने दुसरं काहीही करायचं नाही. विडी नाही, फोन नाही. आतल्याने सतत बोलत राहायचं आणि दारावरच्याने मधूनमधून "ऐकतोय" म्हणायचं. बोलणं थांबलं की भोंगा वाजवायचा आणि दोर ओढायचा. एवढं झाल्यावर शेवटचा नियम येतो, तो असा, की दारावरच्या माणसाने आत जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. आत जाणार तो मास्क आणि हवेचं सिलिंडर लावलेला माणूसच.

बाकीचे नियम कामगारांना कटकटीचे वाटायचे. हा शेवटचा त्यांना पापासारखा वाटायचा. खेड्यातली माणसं ही. विहिरीत कोणी पडलं तर काठावरचा माणूस कपडे न काढता उडी टाकतो, आणि जो टाकत नाही त्याचं नाव गावात पुढची पिढीसुद्धा विसरत नाही. त्यांना मी सांगत होतो, की तुमचा माणूस आत पडला तर तुम्ही बाहेर उभे राहा.

हा नियम मला कोणी पुस्तकातून शिकवलेला नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दुसऱ्या कारखान्यातून फोन आला, की तुमच्याकडचा ब्लोअर घेऊन ताबडतोब या. गेलो. ब्लोअरची वेळ टळून गेली होती. टाकीच्या दारापाशी चपलांचे तीन जोड नीट काढून ठेवलेले होते, देवळाबाहेर ठेवतात तसे. पहिला कामाला उतरला होता, दुसरा त्याला काढायला गेला आणि तिसरा दोघांना काढायला; जिवंत कोणीच बाहेर आलं नाही. शेवटच्या दोघांना आत जाईपर्यंत काहीसुद्धा झालेलं नव्हतं. धडधाकट माणसं, केवळ प्रेमापोटी आत गेली. त्या चपला डोळ्यांसमोर घेऊनच मी पुढची सगळी वर्षं कामावर जात राहिलो.

त्यामुळे माझ्याशी कोणाचं फारसं जमलं नाही यात नवल नाही. वायनरी बघायला पाहुणे येत. एकदा पुण्याहून आलेल्या मंडळींपैकी एक हौशी गृहस्थ "खरा अरोमा" घ्यायचा म्हणून उघड्या टाकीच्या दारात डोकं घालायला वाकले. बायको मोबाइल धरून शूटिंग करत होती. मी मागून त्यांच्या पँटचा पट्टा धरला आणि मागे खेचलं. ते चोथ्याच्या घाणीत बसले, पांढऱ्या पँटसकट. त्यांनी माझी तक्रार केली आणि मालकांनी मला बोलावून समज दिली, की पाहुण्यांशी जरा गोडीने वागत जा. मी म्हटलं, गोडीने सांगायला वेळ लागतो.

दर हंगामाच्या तोंडावर मी सराव घ्यायचो. एका रिकाम्या, धुतलेल्या टाकीत एकाने मेल्याचं सोंग करायचं आणि दारावरच्याने भोंगा वाजवून दोर धरून उभं राहायचं. बाकीच्यांनी त्याच्याभोवती जमून ओरडायचं, "आत जा रे! भ्याडा, बघत काय बसलास?" आणि त्याने जायचं नाही. कामगारांसाठी तो वर्षाचा तमाशा असायचा. मेल्याचं सोंग करण्यात सोपान नावाच्या कामगाराचा हात कोणी धरत नसे. जीभ बाहेर काढायचा, डोळे पांढरे करायचा. एकदा तर ओढून बाहेर काढल्यावरही उठेना. आम्ही घाबरून वाकलो तेव्हा एक डोळा उघडून म्हणाला, "च्या आला का?"

दारावर बहुतेक वेळा त्याचा मेव्हणा बबन असायचा. सोपानच्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. सुनंदाही आमच्याकडेच होती. बाहेरच्या शेडमध्ये बायका द्राक्षांतले खराब मणी निवडत बसत, तिथे. गाव एकच, तिघं एका पिकअपमधून येत. जोड्या कामगार आपापल्या ठरवत आणि त्या बहुतेक नात्यातल्याच असत. सख्खे भाऊ, चुलते-पुतणे, साला-मेव्हणा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, जिवाचं काम हाय. दारात आपलं माणूस पायजे. परक्याला काय पडलंय?" हे कोणालाही पटेल असंच होतं. मला, मालकांना, सगळ्यांनाच पटलेलं होतं.

सोपान आत गेला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आतल्याने बोलत राहायचं हा नियम त्याच्यासाठीच केल्यासारखा होता. विषय ठरलेला, बायकोचं माहेर. स्टीलच्या टाकीतून त्याचा आवाज घुमत यायचा. "ए बबन्या, तुझ्या बहिणीनं आज पुन्यांदा भाजीत मीठ घातलं नाय! कुठून शिकली? तुमच्या घरून!" बबन दोर धरून शांतपणे म्हणायचा, "ऐकतोय दाजी." "लग्नात मला तुझ्या बापानं गाय देतो म्हनून सांगितलं आन् तुला दिला! दूध ना शेन!" "ऐकतोय दाजी." आजूबाजूचे सगळे हसत असायचे. बबन हसायचा नाही. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायचं नाही, अशा वळणाचा तो मुलगा. पण कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या त्याच्या.

त्या दिवशी दुपारची जेवणं होऊन गेली होती. परमिटवर मी सही केली, मीटर दारातून आत धरून बघितला, हवा ठीक होती. ब्लोअर चालू. पट्टा, दोर, सगळं जागेवर. सोपान आत उतरला आणि त्याचं सासरपुराण सुरू झालं. मी पलीकडच्या रांगेत पंप बघायला गेलो.

मग लाइट गेली. आमच्याकडे ती नवी गोष्ट नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जनरेटर धडधडायला लागला, दिवे आले, टाक्या थंड ठेवणारी यंत्रं पुन्हा सुरू झाली. सगळं पूर्ववत झालं असं सगळ्यांना वाटलं. पण ब्लोअर ज्या बोर्डाला लावला होता तो बोर्ड जनरेटरच्या लाइनवर नव्हता. ब्लोअर बंदच राहिला. आणि जनरेटरच्या गोंगाटात त्याचं बंद पडणं कोणाच्या कानावर आलं नाही. आत सोपान दाताळं मारत होता. नंतर आम्हाला कळलं, की चोथ्याची एक कड त्याच वेळी ढासळली आणि तिच्या पोटात साठलेला वायू मोकळा झाला.

मी पंपापाशी वाकलो होतो. एकाएकी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग कळलं, की कोणी हसत नाहीये.

वळून बघितलं तर बबन दारापाशी गुडघ्यांवर बसला होता. "दाजी," तो म्हणत होता, "ओ दाजी. नाटक करू नका. साहेब हितंच हायेत, नाटक करू नका हं." आवाजात निम्मी शंका, निम्मं हसू. सोपानने इतक्यांदा मेल्याचं सोंग केलं होतं, की तो आता खरोखर पडला तरी पोराला सोंगच वाटत होतं. मग त्याने दोर ओढून बघितला. दोर ताठ झाला आणि आतून काही आलं नाही. तेव्हा त्याने डोकं आणि एक खांदा दारातून आत घातला.

"बबन!" मी ओरडलो. एवढ्या वर्षांत मी इतक्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. पाय पळत होते, पण टाक्यांची ती रांग संपत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर चपला आल्या, त्या तीन जोड. मला वाटलं, हा चालला. आता ह्याच्यामागे कोण जाणार ते मला आत्ताच थांबवायला हवं.

पण बबनने स्वतःला मागे खेचलं. बाहेर येऊन तो पालथाच पडला, खोकत, डोळ्यांतून पाणी वाहत. त्याच अवस्थेत त्याने हात लांब करून भोंग्याची कळ दाबली आणि दाबूनच धरली. मग उठून दोर कमरेला एक वेढा घालून धरला आणि पाय टाकीला लावून ओढायला लागला.

भोंगा ऐकून माणसं धावली. सोपानचा बूट आत कुठेतरी अडकला होता, दोर ओढून तो दारापर्यंत येईना. प्रकाश नावाचा आमचा फिटर मास्क आणि सिलिंडर आणायला कपाटाकडे पळाला. ब्लोअर बंद पडलेला मला तेव्हाच दिसला; मी त्याची वायर उपटून जनरेटरच्या बोर्डाकडे ओढत नेत होतो. घाईत पिन सॉकेटमध्ये जाईना. मला तेव्हा वाटणारी भीती मी शब्दांत सांगू शकत नाही, एवढंच सांगतो, की तोंडात लोखंडाची चव आली होती.

आणि तेवढ्यात सुनंदा आली. कोणीतरी तिला सांगितलं असणार. द्राक्षाच्या रसाने हात काळे झालेले, डोक्यावरचा पदर खाली लोळत होता. तिने बघितलं ते एवढंच, की नवरा आत आहे आणि भाऊ बाहेर उभा आहे.

"बबन्या!" ती किंचाळली. "उभा काय राह्यलास? आत जा ना रे! आत जा!"

बबन दोर धरून उभा.

"अरे तुझा दाजी मरतोय! तुला दिसंना का? जा आत! भ्याडा, जा ना!"

तिने त्याच्या पाठीत बुक्के मारायला सुरुवात केली. सरावाच्या वेळी जे शब्द ओरडून आम्ही पोट धरधरून हसायचो, तेच शब्द. शब्दांत काडीचाही फरक नव्हता. बबन रडत होता, लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून रडत होता, आणि हलत नव्हता. ती मग स्वतःच दाराकडे झेपावली. तेव्हा त्याने एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने बहिणीचा दंड पकडून तिला मागे ढकललं. ती फरशीवर पडली. सख्ख्या मोठ्या बहिणीला त्याने जन्मात प्रथमच हात लावला असेल.

ब्लोअर सुरू झाला. प्रकाश मास्क लावून आत शिरला, बूट सोडवला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दोर ओढला. सोपान बाहेर आला तो जांभळा, चोथ्याने माखलेला. जीभ थोडी बाहेर होती. त्याच्या सोंगात आणि ह्यात मला फरक दिसेना, हे मला आजही आठवलं की रात्रीचं जेवण जात नाही. आमच्या लॅबमधल्या मॅडमनी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला सुरुवात केली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग त्याने एकदम ओकारी काढली आणि श्वास घेतला. तसला घाणेरडा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि तसला सुंदरही.

सोपान वाचला. नाशिकच्या दवाखान्यातून घरी आला, पुढे कामावरही आला.

चौकशीला कारखाना निरीक्षक आले. कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ. टाकी बघितली, बोर्ड बघितला, ब्लोअर जनरेटरवर का नव्हता यावरून मालकांना आणि मला योग्य ते ऐकवलं. मग विचारलं, "दारावर कोण होतं?"

बबन गुन्हेगारासारखा पुढे आला.

"आत पडलेला तुझा कोण?"

"दाजी हायेत, साहेब. बहिणीचे मालक."

"तू आत गेला नाहीस?"

"नाय साहेब." त्याची मान खाली.

"का?"

"थांबा साहेबांनी सांगितलं व्हतं." नाव तोंडातून गेलं ते त्याला कळलंही नाही, आणि मलाही त्या वेळी हसू आलं नाही.

निरीक्षकसाहेबांनी हातातली वही मिटली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अशा चौकशीत दारावरच्या माणसाशी मला सहसा बोलायला मिळत नाही."

त्यानंतर आमच्याकडे बरंच बदललं. ब्लोअर जनरेटरच्या लाइनवर आला. मीटर आता आत जाणाऱ्याच्या छातीवर लावलेला असतो आणि हवा बिघडली की तो स्वतःच बोंबलतो. आणि मी सेलरच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत एक पाटी रंगवून घेतली, 'टाकीच्या दारात नातेवाईक नको'. पाहुणे ती वाचून हसतात. वायनरीत सोयरीक करायला येतात की काय लोक, असंही एकाने विचारलं. बबन त्या दिवशी थांबला हे त्याचं मोठेपण, पण कारखाना अशा मोठेपणावर चालवता येत नाही. दारावर असा माणूस हवा, ज्याला थांबणं जमेल. आपल्या माणसावर जीव असलेल्याकडून ते मागणं मला क्रूर वाटतं. कायद्याच्या पुस्तकात ह्याबद्दल एखादं रुक्ष वाक्य असतं, की बाहेर नेमलेल्या व्यक्तीने प्रवेश करू नये. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्यानेही कुठेतरी चपला बघितल्या असणार, अशी माझी खात्री आहे.

बबनला मात्र त्याचा फार जड हिशेब चुकवावा लागला. गावात बोललं गेलं, की मेव्हणा दारात उभा राहून बघत होता. सुनंदा त्याच्याशी बोलेनाशी झाली. नवरा जिवंत होता, घरात होता, तरी तिच्या डोळ्यांसमोरून तो दोर धरून उभा असलेला भाऊ जाईना. त्या दिवाळीत तिने त्याला भाऊबीजेला बोलावलं नाही. सोपानने तिला समजावलं, पण त्याचंही काहीतरी बिनसलं होतं. तो बबनशी फार आदराने वागायला लागला. 'बबनराव' म्हणायचा. एकदाही टोमणा नाही, माहेरचं नाव नाही. बबन मला एकदा म्हणाला, "साहेब, दाजी मला शिव्या देत नायत. लय भ्या वाटतं. आतून आवाज बंद झाल्यावानी वाटतं." त्याने दारावरचं काम सोडलं आणि बॉटलिंगला गेला. मी त्याच सुमारास निवृत्त झालो आणि नाशिकला घरी बसलो. मला वाटलं होतं हे असंच राहणार.

पुढच्या वर्षी दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, बेल वाजली. दारात सोपान, सुनंदा, आणि त्यांच्या मागे बबन. त्याच्या कपाळावर कुंकवाचा ताजा टिळा होता. बायकोने फराळाच्या ताटल्या आणल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुनंदानेच विषय काढला.

उन्हाळ्यात त्यांच्या गावात एका विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर डिझेल इंजिन ठेवून पाणी उपसत होते. इंजिनचा धूर आतच कोंडला. सोपानचा चुलत भाऊ दत्तू इंजिन बघायला खाली उतरला आणि कट्ट्यावर आडवा झाला. काठावर आरडाओरडा झाला. दत्तूच्या दोघा भावांनी आणि सोपानने शर्ट काढले. सोपानने, ज्याला स्वतःला दोर लावून बाहेर काढलं होतं, त्याने!

"मी शिडीच्या तोंडावर बसले, साहेब," सुनंदा म्हणाली. "म्हनलं, कोनी उतरायचं नाय. उतरायचं तर माझ्या अंगावरून जा. दत्तूची बायको माझ्या झिंज्या उपटत व्हती. ती म्हनत व्हती, जाऊ दे ना त्यांना, सोड ना." तिने बबनकडे हात केला. "मी जे ह्याला बोलले व्हते ना, तेच. अगदी तेच बोलत व्हती ती."

तिने बबनला फोन केला. तो द्राक्षबागेत फवारणी करतात तो ट्रॅक्टरचा ब्लोअर घेऊन आला, विहिरीत वरून हवा सोडली, मग दोर बांधून माणूस उतरवला. दत्तू गेला. तो आधीच गेलेला होता. पण विहिरीतून एकच प्रेत निघालं. गावाने पुन्हा बोलायचं ते बोलून घेतलंच, म्हणे सोपानच्या बायकोने दीर मरू दिला.

"त्या रातीला मी ह्याच्या घरी गेले," सुनंदा म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, ती तुमची पाटी हाय ना भिंतीवर. नातेवाईक नको म्हनून. ती पुसून टाकायला सांगा. नातेवाईक असून माझा भाऊ थांबला. मीबी थांबले."

मी काही बोलणार तेवढ्यात बबन बोलला. आल्यापासून पहिल्यांदाच. हातातली करंजी त्याने न खाताच ताटलीत ठेवली.

"साहेब, पाटी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "एकदा थांबलो मी. पुन्यांदा माझ्याच्यानं व्हनार नाय. पुढल्या टायमाला मी जानार आत. मला ठाव हाय."

खाली पोरं फटाके वाजवत होती. सुनंदाने पदर तोंडाला लावला. मला त्या चपला पुन्हा दिसल्या, कारण पोरगा खरं बोलत होता आणि ते खरं आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग सोपानने हात लांब करून मेव्हण्याच्या मानेवर एक चापट ठेवून दिली.

"ए दळभद्र्या," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण त्याने तो तसाच पुढे रेटला. "करंजी का ठेवली? तुझ्या बहिणीनं केलेली न्हाय ती, साहेबांच्या घरची हाय. गोड लागंल. खा! तुमच्या घरी जन्मात कधी खाल्लीस का असली?"

बबनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने करंजी उचलली.

"ऐकतोय दाजी," तो म्हणाला.